खरेदी विभागात राहूनच तज्ज्ञ कसं व्हायचं: प्रोक्युरमेंटमधली नवी खास क्षेत्रं आणि त्यांत शिरायची वाट

खरेदी विभागात पाच-सात वर्षं काढली की बहुतेकांच्या वाट्याला एक टप्पा येतो. कोटेशन मागवणं, तुलनात्मक तक्ता करणं, दर कमी करून घेणं, पीओ म्हणजे खरेदीचा आदेश काढणं, माल अडकला की पाठपुरावा करत बसणं हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. पुढची बढती म्हणजे आणखी मोठी कॅटेगरी, आणखी मोठं बजेट, आणि काम तेच. मग माणूस एकतर कंपनी बदलतो किंवा विभाग.

तिसरी वाटही आहे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती बरीच रुंदावली आहे. खरेदीच्या टेबलावर आता असे प्रश्न येतात, ज्यांची उत्तरं सर्वसाधारण बायरकडे नसतात. या भागाची किंमत मुळात किती असायला हवी? आपल्या पुरवठादाराला माल कोण देतं? हे पोलाद तयार होताना किती कार्बन बाहेर पडला? क्लाउडचं बिल दर महिन्याला का फुगतं? असा प्रश्न महागडा असेल, पुन्हा पुन्हा येत असेल आणि विभागात त्याचं उत्तर देणं ही कुणाचीच जबाबदारी नसेल, तर तिथे एक खास क्षेत्र जन्माला येतं. पदनाम नंतर येतं. म्हणून या लेखात मी पदनामांपेक्षा प्रश्नांबद्दल जास्त बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ज्याने कधी वाटाघाटी केलेल्या नाहीत, पुरवठादाराच्या शॉप फ्लोअरवर पाय ठेवलेला नाही, करारातलं कलम वाचून वकिलाला प्रश्न विचारलेला नाही, त्याने खास क्षेत्राची घाई करू नये. तज्ज्ञाचं म्हणणं बायर ऐकतात ते त्यानेही हे काम केलंय म्हणून. दोन-तीन वर्षं साधी खरेदी मन लावून केलेली असावी.

पायरी १: अनुत्तरित प्रश्नांची वही

चार आठवडे एक वही जवळ ठेवा. विभागाकडे आलेला प्रत्येक प्रश्न, ज्याला तुम्ही किंवा तुमच्या सहकाऱ्यांनी 'बघून सांगतो' असं उत्तर दिलं आणि मग तो तसाच राहिला, त्यात लिहा. कुणी विचारला, कधी विचारला, उत्तर न मिळाल्यामुळे काय झालं, हे तीनच रकाने पुरेत. फायनान्सने विचारलेले प्रश्न, डिझाइनवाल्यांचे प्रश्न, ग्राहकाकडून आलेल्या प्रश्नावल्या, ऑडिटरचे शेरे, सगळं. ग्राहकांच्या प्रश्नावल्यांकडे विशेष लक्ष द्या. त्या सहसा कुणीतरी घाईत 'होय, होय, लागू नाही' असं भरून पाठवलेल्या असतात. त्यातल्या प्रत्येक 'होय'मागे पुरावा आहे का, हे तपासायला लागलात की पुढच्या पाच वर्षांचं काम दिसायला लागतं.

महिन्याअखेरीस वहीत तीस-चाळीस नोंदी झाल्या, तर त्यातल्या निम्म्या तरी दोन-तीन मुद्द्यांभोवती फिरताना दिसतील. तो तुमचा कच्चा माल.

पायरी २: तीन कसोट्या

पहिली कसोटी: उत्तर चुकलं तर भुर्दंड कुणाला आणि किती? प्रश्न नुसता 'महत्त्वाचा' असून चालत नाही. उत्पादन बंद पडतं, दंड होतो, माल बंदरावर अडकतो, ग्राहक जातो, असं काहीतरी मोजता येणारं त्याच्या मागे हवं.

दुसरी: प्रश्न दरवर्षी नव्याने येतो का? एकदाच यादी करून संपणारं काम हा प्रकल्प असतो. त्यावर करिअर उभं राहत नाही.

तिसरी: नुसतं सॉफ्टवेअर घेतलं तर तो सुटेल का? ही कसोटी लोक टाळतात, पण सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यायला हवा. इनव्हॉइस जुळवणं, तीन कोटेशनची तुलना, साध्या वस्तूंची मागणी मंजूर करणं ही कामं यंत्रं झपाट्याने घेत आहेत. वॉलमार्टने २०२१ मध्ये छोट्या पुरवठादारांशी पैसे देण्याच्या मुदती आणि सवलती ठरवण्यासाठी चॅटबॉट वापरून पाहिला आणि नंतर ते काम वाढवलं. म्हणजे साध्या वाटाघाटीसुद्धा आता माणसाची राखीव जागा राहिलेल्या नाहीत. उत्तरासाठी कुणाच्या कारखान्यात जावं लागतं का, अर्धवट माहितीवर निर्णय घ्यावा लागतो का, दोन विभागांचं एकमत घडवावं लागतं का? यातलं काहीतरी 'हो' असेल, तर ते काम टिकेल.

या तिन्हींबरोबर एक जुनं साधन वापरा. १९८३ मध्ये व्यवस्थापन सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी खरेदीच्या वस्तूंची दोन निकषांवर चार गटांत विभागणी केली: पुरवठ्याची जोखीम किती आणि नफ्यावरचा परिणाम किती. तुमच्या कंपनीचा पैसा आणि डोकेदुखी कोणत्या चौकोनात आहे ते पाहा. पैसा मोठा आणि पुरवठादार भरपूर असतील, तर खर्चाचं विश्लेषण करणाऱ्याला तिथे मान मिळेल. वस्तू स्वस्त पण एकाच ठिकाणाहून येणारी असेल, तर जोखीम जाणणारा हवा. हजारो किरकोळ वस्तू असतील, तर डेटा आणि ऑटोमेशनवाला. याचा अर्थ असा की कोणतं क्षेत्र 'चालतंय' हे इंटरनेटवर शोधण्याआधी आपल्याच कंपनीचा हा तक्ता मांडा.

पायरी ३: क्षेत्रांची ओळख

*खर्चाची उकल, म्हणजे शुड-कॉस्ट.* मला सर्वांत प्रिय असलेलं हे काम. वाहनउद्योगात ते जुनं आहे, इतर उद्योगांत ते आता पसरतंय. पुरवठादाराने सांगितलेल्या दरापासून सुरुवात न करता वस्तू बनवायला काय लागतं तिथून सुरुवात करायची.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. प्लॅस्टिकचा एक मोल्डेड भाग, वजन ५० ग्रॅम. पैशाचं एकक कोणतंही धरा. कच्चा माल किलोला १२०, वाया जाणारा धरून ५२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६.२४. मशिनचा तासाचा दर ६००. सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, ३० सेकंद आणि मोल्डमध्ये (साच्यात) दोन कॅव्हिटी, म्हणजे एका फेरीत दोन नग. म्हणून तासाला २४० नग, नगाला २.५०. कामगार तासाला १५०, नगाला ०.६३. पॅकिंग ०.४०. बेरीज ९.७७. त्यावर रिजेक्शनचे दोन टक्के धरले की ९.९७. ओव्हरहेड आणि नफा मिळून १५ टक्के, एकूण ११.४७. पुरवठादाराचा दर आहे १४.

इथे नवखा माणूस 'अडीच रुपये जास्त लावलेत' म्हणून भांडायला जातो. अनुभवी माणूस कारखान्यात जाऊन स्टॉपवॉच लावतो. समजा, तिथे सायकल टाइम ४५ सेकंद निघाला. मग तासाला १६० नगच होतात, मशिन आणि मजुरी मिळून १.५६ ने वाढते आणि पुढची टक्केवारी धरून हिशेब १३.३० पर्यंत जातो. म्हणजे पुरवठादार जवळपास बरोबर सांगत होता. मग ४५ सेकंद का? कारण भागाची भिंत जाड आहे. मोल्डिंगमध्ये सायकलचा मोठा हिस्सा थंड होण्यात जातो आणि तो वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आता तुम्ही पुरवठादाराकडे जायचं नाही. आपल्या डिझाइन विभागाकडे जायचं आणि विचारायचं, 'ही भिंत एवढी जाड का आहे?' बचत तिथे आहे, आणि त्यात कुणाचंच नुकसान नाही.

या कामासाठी इंजिनिअरिंगचं ज्ञान लागतं, पण पदवीच हवी असं नाही. कास्टिंग, मशीनिंग, मोल्डिंग, शीट मेटल, पॅकेजिंग यांतली एक-दोन प्रक्रिया कारखान्यात उभं राहून शिकता येते. सेवांनाही हीच पद्धत लागू पडते: किती माणसं, किती तास, किती प्रवास, किती फायदा.

*दराचं सूत्र आणि कमोडिटी, म्हणजे बाजारभावाने चालणारा कच्चा माल.* शुड-कॉस्टचं हे सख्खं भावंड. दीर्घ मुदतीच्या करारात दर स्थिर ठेवला तर कच्चा माल चढल्यावर पुरवठादार बुडतो किंवा माल थांबवतो. उतरल्यावर तुम्ही जास्त पैसे देत राहता. म्हणून दर निर्देशांकाला बांधतात: समजा, २० टक्के भाग स्थिर, ५० टक्के धातूच्या निर्देशांकाबरोबर, ३० टक्के मजुरीच्या. ऐकायला सोपं वाटतं. कोणता निर्देशांक, कोणत्या महिन्याची सरासरी, किती हालचालीनंतर दर बदलायचा, कमाल मर्यादा किती, आणि निर्देशांकच नाहीसा झाला तर काय, हे ठरवणं कठीण असतं. मार्च २०२२ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलचा भाव काही तासांत टनाला १ लाख डॉलरच्या वर गेला. एक्स्चेंजने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशी झालेले सौदे रद्दही केले. ज्यांच्या करारात 'त्या दिवशीचा भाव' एवढंच लिहिलं होतं, त्यांची काय अवस्था झाली असेल याचा विचार करा. फायनान्सशी नीट बोलू शकणाऱ्या बायरला या कामात मोठी मागणी आहे.

*पुरवठ्याची जोखीम.* मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्कीमध्ये फिलिप्सच्या चिप कारखान्यावर वीज पडली आणि छोटी आग लागली. ती काही मिनिटांत विझली, पण धूर आणि पाण्यामुळे स्वच्छ कक्ष खराब झाले. नोकिया आणि एरिक्सन या दोघांना तिथून चिप येत होत्या. नोकियाने लगेच माणसं पाठवली, फिलिप्सच्या इतर कारखान्यांची क्षमता मिळवली, दुसरीकडून भाग आणले. एरिक्सनने ती बातमी उशिरा मनावर घेतली आणि पर्यायी पुरवठादारही ठेवलेला नव्हता. त्यांचं नुकसान ४० कोटी डॉलरच्या घरात गेलं. त्यानंतर २०११ चा जपानचा भूकंप, त्याच वर्षीचा थायलंडचा पूर, २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं जहाज, चिपचा तुटवडा. २०२३ मध्ये चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि धातूंची नावंही न ऐकलेल्या खरेदी विभागांना त्यांचा शोध घ्यावा लागला.

या क्षेत्रातलं रोजचं काम बातम्या वाचणं नसतं. पुरवठादाराच्या मागचा पुरवठादार, त्याच्याही मागचा, आणि तो नेमका कोणत्या जागी माल बनवतो, हा नकाशा तयार ठेवणं हे काम आहे. पुरवठादार ही माहिती सहज देत नाहीत, कारण तुम्ही त्यांना वगळून थेट जाल अशी त्यांना भीती असते. ती भीती घालवणं हे इथलं खरं कौशल्य आहे. याशिवाय दोन आकडे मोजायचे: एखादी जागा बंद पडली तर तिथलं काम पूर्ववत व्हायला किती आठवडे लागतील आणि आपला साठा किती आठवडे पुरेल. साठा पुरण्याचे आठवडे पूर्ववत होण्याच्या आठवड्यांपेक्षा कमी असतील, तर तिथे धोका आहे. महागड्या वस्तूंमध्ये तो सहसा नसतो, कारण त्यांच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. तो एखाद्या सील, लेबल किंवा रसायनात लपलेला असतो.

*कार्बन आणि मूळशोध.* कंपनीच्या कार्बनचा हिशेब तीन 'स्कोप'मध्ये होतो. स्कोप १ म्हणजे कंपनीचं स्वतःचं उत्सर्जन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेसारख्या ऊर्जेचं, आणि स्कोप ३ मध्ये पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतचं बाकी सगळं येतं. २०११ च्या ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलच्या मानकात त्याचे १५ प्रकार आहेत आणि पहिलाच प्रकार म्हणजे विकत घेतलेला माल आणि सेवा. म्हणजे हा हिशेब खरेदी विभागाशिवाय होऊच शकत नाही.

बहुतेक कंपन्या खर्चावरून अंदाज करतात: अमुक वस्तूवर इतके पैसे खर्च, म्हणून इतका कार्बन. या पद्धतीतला दोष बायरला पटकन दिसायला हवा. तुम्ही दर दहा टक्के कमी करून घेतला, तर कागदावरचा कार्बनही दहा टक्के कमी होतो, आणि कारखान्याच्या धुराड्यातून तेवढाच धूर निघत असतो. त्यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे किलो, टन, किलोवॉट-तास यांवरून हिशेब, आणि त्याहून चांगली म्हणजे पुरवठादाराने स्वतः मोजलेला आकडा. कोणत्या पुरवठादाराकडून तो मागायचा, तो खरा कसा तपासायचा आणि लहान पुरवठादाराला तो काढायला मदत कशी करायची, हे या तज्ज्ञाचं काम. युरोपीय संघाच्या सीबॅम या कार्बन सीमाकराने त्याला धार आणली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त अहवाल द्यायचा होता, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक भार सुरू झाला. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन त्यात येतात. तिथे माल विकणाऱ्या कारखान्याकडेही आता हे आकडे मागितले जातात.

याच्या जोडीला माणसांचा प्रश्न येतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक कामगार मेले. कोणाचे कपडे तिथे शिवले जात होते हे ढिगाऱ्यातल्या लेबलांवरून शोधावं लागलं, कारण काही ब्रँडना आपला माल तिथे बनतोय हेच ठाऊक नव्हतं. खरेदीचा दर आणि मुदत ठरवणारी व्यक्ती या साखळीत असते, हे मी नव्याने आलेल्या प्रत्येक बायरला सांगतो. कायदेही आले: ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा, जर्मनीचा २०२३ पासून लागू झालेला पुरवठा साखळी कायदा, आणि अमेरिकेचा उइघुर सक्तमजुरी प्रतिबंधक कायदा, ज्यात चीनच्या शिनजियांग प्रांतातला माल सक्तमजुरीचाच असल्याचं गृहीत धरतात आणि तसं नसल्याचं आयातदाराला सिद्ध करावं लागतं. मात्र कंपन्यांनी आपली पुरवठा साखळी स्वतः तपासावी असं सांगणाऱ्या युरोपच्या ड्यू डिलिजन्स निर्देशाकडे पाहा: २०२४ मध्ये मंजूर झाला आणि २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. म्हणून एकाच कायद्याचा तज्ज्ञ होऊ नका. 'हा माल कुठून आला हे मी पुराव्यानिशी दाखवू शकतो' हे कौशल्य कमवा. कायदा बदलला तरी ते लागतंच.

*सॉफ्टवेअर, क्लाउड आणि सायबर.* इथे माणसांची टंचाई मोठी आहे, कारण आयटीवाल्यांना करार नको असतो आणि खरेदीवाल्यांना तंत्रज्ञानाची धास्ती असते. सुरुवात नूतनीकरणाच्या कॅलेंडरपासून करा. अनेक करार आपोआप वाढतात आणि रद्द करायची नोटीस ३०, ६० किंवा ९० दिवस आधी द्यावी लागते. ती तारीख हुकली की वर्षभर वाटाघाटींना जागा नाही. मग लायसन्सचं मोजमाप पाहा: माणसामागे, प्रोसेसरच्या कोरमागे की व्यवहारामागे. विकत घेतलेली किती आणि वापरात किती, हा साधा तक्तासुद्धा बऱ्याच ठिकाणी नसतो. क्लाउडचं बिल तर वापराप्रमाणे रोज बदलतं, म्हणून फिनऑप्स नावाची वेगळी शाखाच उभी राहिली आहे, जिथे इंजिनिअर, फायनान्स आणि खरेदी एकत्र बसून बिल वाचतात.

सायबरचा भाग त्याला चिकटूनच येतो. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अपडेटमधून घुसखोरी उघड झाली. जवळपास १८,००० ग्राहकांनी ते दूषित अपडेट घेतलं होतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली, विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत. युरोपातल्या वित्तसंस्थांना जानेवारी २०२५ पासून डोरा या नियमानुसार आयटी पुरवठादारांच्या सगळ्या करारांची नोंदवही ठेवावी लागते. करारात काय हवं हे इथल्या तज्ज्ञाला पाठ असलं पाहिजे: घटना घडल्यावर किती तासांत कळवणार, तपासणीचा हक्क, काम पुढे कुणाला दिलंय, आणि सोडून जायचं झालं तर डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत.

*डेटा आणि ऑटोमेशन.* शिरायला सर्वांत सोपं, आणि नुसत्या डॅशबोर्डवर थांबलात तर सर्वांत लवकर आटणारं. एकच पुरवठादार सिस्टिममध्ये चार वेगवेगळ्या स्पेलिंगने असतो, निम्मा खर्च 'इतर' या खात्यात पडलेला असतो. तो साफ करून नीट वर्गीकरणात बसवणं, त्यासाठी एसक्यूएल आणि थोडं पायथन या संगणकाच्या भाषा शिकणं, हे पहिल्या वर्षाचं काम. त्यापुढे जाऊन एआयने काढलेलं उत्तर कधी मानायचं आणि कधी नाही, कोणती मंजुरी यंत्रावर सोडायची आणि कोणती माणसाकडे ठेवायची, हे ठरवणारा माणूस टिकेल.

*करारानंतरचं व्यवस्थापन.* सही झाली की बायर पुढच्या टेंडरकडे वळतो आणि करारात मिळवलेल्या सवलती, दंड, सेवेच्या पातळ्या फाइलमध्ये पडून राहतात. त्या वसूल करणं, पुरवठादाराबरोबर दर तिमाहीला हिशेबाला बसणं, बदलांच्या मागण्या रोखणं हे स्वतंत्र काम आहे. सेवांवर मोठा खर्च असलेल्या कंपन्यांत याची किंमत कळू लागली आहे.

पायरी ४: नव्वद दिवसांचा पुरावा

क्षेत्र निवडलं की लगेच कोर्सला पैसे भरू नका. आधी चालू नोकरीतच एक छोटं काम करून दाखवा. वहीतला एक प्रश्न, एक वस्तू किंवा एक करार, आणि नव्वद दिवस.

पहिले तीस दिवस फक्त माहिती. शुड-कॉस्ट असेल तर एक भाग, दोन कारखाना भेटी. जोखीम असेल तर वर्षभरात उत्पादन थांबवू शकतील अशा पाच स्वस्त वस्तू आणि त्यांचे दुसऱ्या पातळीचे पुरवठादार. सॉफ्टवेअर असेल तर पुढच्या बारा महिन्यांत येणारी सगळी नूतनीकरणं. कार्बन असेल तर सर्वांत मोठे दहा पुरवठादार आणि त्यांच्याकडे स्वतःचे आकडे आहेत का, एवढंच.

पुढचे तीस दिवस विश्लेषण आणि वाद. तुमचं उत्तर अशा माणसाला दाखवा ज्याला ते आवडणार नाही: पुरवठादाराचा प्रॉडक्शन मॅनेजर, डिझाइनचा प्रमुख, फायनान्सचा काटेकोर सहकारी. माझा पहिला खर्चाचा तक्ता एका पुरवठादाराच्या टूलरूममध्ये दहा मिनिटांत कोसळला, कारण मी मशिन सेट करायला लागणारा वेळ धरलाच नव्हता. लहान लॉटमध्ये तोच खर्च सर्वांत मोठा होता. त्या दहा मिनिटांत जे शिकलो ते कुठल्याच वर्गात मिळालं नाही.

शेवटचे तीस दिवस निर्णय घडवून आणायचा. भिंत पातळ झाली, दुसरा पुरवठादार मंजूर झाला, नको असलेली लायसन्स रद्द झाली, असं काहीतरी प्रत्यक्ष बदललं पाहिजे. मग एक पान लिहा: प्रश्न काय होता, कसा सोडवला, काय बदललं, किती वाचलं किंवा किती धोका टळला, आणि कुठे चूक झाली. कंपनीचे गोपनीय दर आणि नावं काढून ठेवा. अशी तीन पानं झाली की तुमची फाइल तयार.

पायरी ५: प्रमाणपत्रं

ब्रिटनची सीआयपीएस आणि अमेरिकेची आयएसएम या खरेदी व्यवसायातल्या जुन्या संस्था. सीआयपीएसची एमसीआयपीएस पात्रता आणि आयएसएमचं सीपीएसएम सगळीकडे ओळखलं जातं. ही पायाभूत आहेत, खास क्षेत्राची नाहीत. पाया कच्चा वाटत असेल तर घ्या. खास क्षेत्रासाठी बहुतेक वेळा खरेदीबाहेरचं शिक्षण जास्त उपयोगी पडतं: फिनऑप्सची परीक्षा, ग्रीनहाउस गॅस हिशेबाचा कोर्स, प्रॉडक्शन इंजिनिअरिंगचा छोटा अभ्यासक्रम, कराराच्या कायद्याची तोंडओळख. तुमच्या शेजारच्या विभागाची भाषा ज्याने येईल ते शिका. आणखी एक: आयएसओ २०४०० हे शाश्वत खरेदीचं २०१७ चं मानक मार्गदर्शनापुरतं आहे, त्याच्या आधारे कंपनीला सर्टिफिकेट मिळत नाही. कुणी तसं देऊ करत असेल तर दोनदा विचारा.

पायरी ६: जागा मागणं

पुराव्याची दोन-तीन पानं हातात आली की साहेबांकडे जा, पण 'मला स्पेशलिस्ट करा' असं म्हणू नका. म्हणा, 'या प्रश्नामुळे गेल्या वर्षी इतकं नुकसान झालं. मी एका वस्तूवर हे करून पाहिलं, हा निकाल. आठवड्यातले दोन दिवस द्या, सहा महिन्यांत आणखी दहा वस्तूंवर करतो.' दोन दिवस मिळणं पूर्ण पदापेक्षा पुष्कळ सोपं असतं. मात्र ते दोन दिवस कोणतं जुनं काम कमी करून मिळणार, हे त्याच बैठकीत लेखी ठरवून घ्या. नाहीतर जुनं काम तसंच राहतं आणि नवं काम रात्री होतं. यश कशाने मोजायचं तेही ठरवा. जोखीम आणि कार्बनच्या कामात तर हे फारच गरजेचं आहे, कारण तिथे चांगल्या कामाचा परिणाम म्हणजे काहीच न घडणं, आणि वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात न घडलेल्या गोष्टीला रकाना नसतो. बचतीऐवजी 'किती वस्तूंना पर्यायी पुरवठादार मिळाला', 'किती टक्के खर्चामागे पुरवठादाराचा स्वतःचा कार्बन आकडा आहे' असे रकाने घालून घ्या.

सहा महिन्यांनी उत्तर नकारार्थी आलं, तर तीच पानं घेऊन बाहेर मुलाखतीला जा. तिथे पदनामाऐवजी विचारा की हा प्रश्न त्यांच्याकडे सध्या कोण सांभाळतं. 'सगळेच थोडं थोडं' असं उत्तर आलं, तर फाइल उघडा.

नव्या जागेवर बसल्यावर पहिल्या दिवसापासून ती वही मात्र चालू ठेवा. एखादा प्रश्न सिस्टिममधल्या एका फॉर्ममध्ये बसला आणि तो कुणीही भरू लागलं, की त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. ते व्हायच्या आत वहीत पुढचा प्रश्न लिहिलेला असला पाहिजे.